बोका शूला बसतो पण होत नाही? सोमवारची वाट नका बघू

तरुण बोक्यांबद्दल मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे 'पोट साफ होत नाहीये बहुतेक, काय पाजू?' आणि खोदून विचारलं की कळतं, अडलीये ती लघवी. म्हणून या वेळी इंदूरकरांचे फक्त बोक्यांचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न (विजयनगर): आमचा ११ महिन्यांचा बोका दिवसातून तीनदा शू करतो. नॉर्मल आहे का?

उत्तर: हो. दोन ते चार वेळा, आणि दर वेळी लिटरमध्ये (शू-शीच्या ट्रेमधल्या वाळूत) चांगला मोठा गोळा होत असेल तर काळजी नको.

प्रश्न (सुदामानगर): दोन वर्षांचा बोका कालपासून सारखा लिटरमध्ये जाऊन बसतो, जोर लावतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो. शेजारच्या काकू म्हणाल्या बद्धकोष्ठ असेल, म्हणून चमचाभर एरंडेल पाजलं. सोमवारी डॉक्टरकडे नेऊ का?

उत्तर: सोमवारी नाही, आत्ता! तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय कारण हा गैरसमज बोक्यांचे जीव घेतो. बोक्याची मूत्रनळी लांब असते आणि टोकाशी अगदी बारीक, मादीची आखूड आणि रुंद, म्हणून हा प्रकार जवळजवळ बोक्यांचाच. चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून तिथे बूच बसतं, कधी खरा खडा अडकतो, कधी नुसत्या सुजेनं नळी आवळते. मग मूत्राशय तट्ट फुगतं, दाब मागे किडनीवर जातो, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्यानं हृदयाचे ठोके मंद होऊन शेवटी हृदय बंद पडतं. पूर्ण अडलं असेल तर २४ ते ४८ तासांत उलट्या, खाणं बंद, अंग गार, आणि दोन-तीन दिवसांत बोका जाऊ शकतो. ओरडायचा थांबला, कोपऱ्यात शांत पडलाय, म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका हो, तेव्हा तो सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

शी अडली की शू हे घरी ओळखता येत नसेल तर शू अडली असंच धरून चाला. लिटर कोरडं आहे का, नुसते थेंब पडतायत का, एवढं बघा आणि निघा. पोट दाबून शू काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं. जबरदस्तीनं पाजलेलं तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. जवाचं पाणी, गोखरूचा काढा, कोणाकडून ऐकलेली 'लघवी मोकळी करायची गोळी', यातलं काहीही नको, वाट बंद असताना आणखी लघवी तयार करून काय होणार? यावर उपाय एकच, बेशुद्ध करून नळी घालणं, सलाइन, रक्ताच्या तपासण्या आणि बहुतेकदा एक-दोन दिवस ॲडमिट. घरी आणल्यावर पहिल्या काही दिवसांत परत अडू शकते, तेव्हा लिटरवर लक्ष ठेवा.

आणि एक काम आजच करा, बोका ठणठणीत असतानाच. जवळच्या दोन-तीन क्लिनिकना फोन करून विचारून ठेवा की बोक्याला कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालता का आणि रात्री-रविवारी डॉक्टर असतात का. सगळीकडे ही सोय नसते. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यायचं असेल तरी आधी फोन करून निघा.

प्रश्न (रामबाग): लहानपणी नसबंदीचं ऑपरेशन केलं तर नळी बारीक राहते आणि पुढे लघवी अडते म्हणतात, खरंय का?

उत्तर: नाही. मोजून बघितलंय, नळीच्या रुंदीत फरक पडत नाही. ऑपरेशननंतर वजन वाढतं, हालचाल कमी होते, धोका त्यातून येतो, म्हणून खाणं मोजून द्या. वय आणि वेळ तुमच्या डॉक्टरशी बोलून ठरवा.

प्रश्न (राजवाड्याजवळून): रंगपंचमीच्या गेरीच्या (मिरवणुकीच्या) आवाजानं बोका दिवसभर पलंगाखाली होता, दुसऱ्या दिवसापासून शू गुलाबी. घरात मागची अँटिबायोटिकची बाटली आहे, देऊ?

उत्तर: नका देऊ. तरुण बोक्यांत इन्फेक्शन क्वचितच असतं, बहुतेक वेळा ताणानं मूत्राशयाला सूज येते. शू भरपूर होतेय ना? तर उद्या लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. नुसते थेंब असतील तर वरचं उत्तर वाचा आणि लगेच निघा. पुढच्या वर्षी आणि दिवाळीतही त्याला आतली शांत खोली, लपायला खोका आणि तिथेच लिटर द्या.

प्रश्न (अन्नपूर्णा रोड): पडद्यावर उभ्यानं शू करतो, शेपटी थरथरते. हेही तेच का?

उत्तर: बहुधा नाही, हे हद्द आखणं आहे. ऑपरेशन केलेलं नसेल तर करून घ्या. ऑपरेशन झालंय आणि आत्ता नव्यानं सुरू झालंय, तर आधी दाखवा.

प्रश्न (पलासिया): पेट शॉपवाल्यानं 'युरिनरी' लिहिलेलं कोरडं फूड आणि खडे विरघळवायची पावडर दिलीय. आम्ही शाकाहारी, एरवी दूध-पोळी देतो.

उत्तर: खडा कुठला आहे हे न बघता विरघळवणार काय? स्ट्रुवाइटचे खडे योग्य खाण्यानं विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळतच नाहीत, आणि पाकिटावर 'युरिनरी' छापलं म्हणजे ते उपचाराचं फूड होत नाही. पावडर परत करा. फायदा पाण्याचा असतो, ओल्या फूडमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी, कोरड्यात साधारण १० टक्केच.

आणि दूध-पोळीचं मनावर घ्या. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं, कमी पडलं की डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं. घरात शिजवायचं नसेल तर हरकत नाही, चांगलं तयार कॅट फूड आणा, कुठलं ते डॉक्टरांना विचारून.

प्रश्न (लोकमान्यनगर): अंग गरम लागतंय, पाव पॅरासिटामॉल चालेल?

उत्तर: नाही, कणभरसुद्धा नाही. मांजराचं लिव्हर ते पचवू शकत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. चुकून गेलं असेल तर लक्षणांची वाट न बघता न्या, गोळीचं पाकीट बरोबर घ्या.

प्रश्न (स्कीम ७८): बोका तोंड उघडं ठेवून धापा टाकतोय, मे महिन्याचं ऊन असेल का?

उत्तर: ऊन असेल, हृदय असेल, छातीत पाणी असेल, तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. पाणी पाजू नका, उलटापालटा करून बघू नका, बास्केटमध्ये ठेवून लगेच निघा आणि क्लिनिकला फोन वाटेतून करा.