बिया-धान्यं घातलेला घरचा पाव जड आणि चिकट होतो, काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला घरच्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) जवस, तीळ, सूर्यफूल आणि ज्वारीचं पीठ घालून पाव करता. तो विटेसारखा जड होतो, मधे चिकट राहतो, कापताना कडेने चुरा पडतो आणि वरच्या बिया ताटात गळतात. तीच कृती त्याच जिल्ह्यातल्या अथणीला बहिणीकडे उन्हाळ्यात केली, तर पीठ भराभर फुगून खाली बसतं.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात आहे. कोरड्या बिया आणि भरड धान्य कणकेत तसंच घातलं, की पुढचे दोन-तीन तास ते कणकेतलं पाणी ओढत राहतात. मळताना गोळा मऊ लागतो, म्हणून आपल्याला समाधान वाटतं. पण भट्टीत जाईपर्यंत तो घट्ट झालेला असतो आणि फुगायला ताणच उरत नाही. मग पुढच्या वेळी आपण मळतानाच जास्त पाणी घालतो. पीठ सैल होतं, तरी बिया कोरड्याच राहतात आणि आतला भाग चिकट होतो. म्हणून बियांचं पाणी बियांना आधी द्यायचं आणि पिठाचं पाणी वेगळं मोजायचं.

प्रत्येक बीची तहान सारखी नसते. जवस (बाजारात अगसी म्हणून मागितलं तरी हेच मिळतं) वजनाच्या अडीच पट पाणी सहज घेतं आणि त्याचा बुळबुळीत लगदा होतो. तो लगदा पावाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ ठेवतो, त्यामुळे टाकून देऊ नका. जवस न भाजता भिजवा, भाजल्यावर चिकटपणा कमी सुटतो. अख्खं जवस बरंचसं न पचता बाहेर जातं, म्हणून निम्मं मिक्सरमध्ये जाडसर फिरवून घ्या. मात्र फिरवलेलं साठवू नका, त्यातलं तेल लवकर खवट होतं. तीळ, कारळे आणि सूर्यफुलाच्या बिया पाणी थोडंच घेतात, त्यांना स्वतःच्या वजनाच्या दोन तृतीयांश पाणी पुरतं. या तिन्ही मंद आचेवर वेगवेगळ्या भाजाव्यात, कारण तीळ तडतडायला लागेपर्यंत कारळे जळून कडू झालेले असतात. कारळ्यांना नुसता वास सुटला की उतरवा. चटणीला चालतो तेवढा खमंगपणा इथे चालत नाही, कारण पावाच्या सालीजवळ आलेल्या बिया ओव्हनमध्ये पुन्हा भाजल्या जातात. आठवड्याच्या बाजारातून सुटे आणलेले कारळे आणि जवस यांत माती, बारीक खडे असतात. चाळून, पाखडून घ्या. पावात आलेला एक खडा सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतो.

भिजवायला गरम पाणी वापरलं तर दीड तास पुरतो. रात्रभर ठेवायचं असेल आणि घरात ३० अंशांच्या वर उकाडा असेल, तर कृतीतलं थोडं मीठ त्या पाण्यातच घाला किंवा भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो.

आता पीठ. पाव उभा राहतो तो गव्हातल्या ग्लुटेनवर (ताणलं जाणारं चिवट प्रथिन). ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ते नसतं. यांचं कोरडं पीठ एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शाच्या वर गेलं, की चुरा पडणार. तुम्ही चार वाट्यांत दीड वाटी ज्वारी घालता, हे तुमच्या चुऱ्याचं सरळ कारण आहे. आठव्या हिश्शावर या, आणि तेही उकड काढून. भाकरीसाठी आपण उकळत्या पाण्यात पीठ भिजवतो ते ज्या कारणासाठी, तेच इथेही लागू पडतं: ज्वारीतला स्टार्च साधारण ७० अंशांच्या पुढे फुलून पाणी धरून ठेवतो आणि पीठ एकत्र येतं. कोमट पाण्यानं हे होत नाही. पाणी खळखळ उकळू द्या, त्यात पीठ घालून मंद आचेवर मिनिटभर घोटा, झाकण ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम उकड यीस्टमध्ये गेली तर यीस्ट मरतं.

गिरणीतून दळून आणलेल्या कणकेचंही एक आहे. चक्कीच्या दगडांखाली पीठ तापतं आणि त्यातला स्टार्च बराच भरडला जातो. ती कणीक चपातीला उत्तम, कारण पाणी भरपूर घेते. पण निव्वळ तिचा पाव केला तर कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे कापत राहतात आणि पाव बसका होतो. चौथा हिस्सा कणीक, बाकी मैदा इथून सुरुवात करा. मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ११ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं लिहिलेली असतील तो घ्या. दळून आणलेलं पीठ डब्यात गरम असतानाच वापरू नका.

आपल्या भागात खपली गहू (जवे गोधी) सहज मिळतो, म्हणून तोही वापरावासा वाटतो. चव फार चांगली येते. पण खपलीतलं ग्लुटेन ताण धरत नाही. जास्त मळलं की गोळा सुटून पसरतो. कणकेच्या जागी खपली घ्या, मैद्याच्या जागी नको, आणि मळणं निम्म्यावर आणा. खपलीत ग्लुटेन कमकुवत असलं तरी असतंच. ज्यांना डॉक्टरांनी ग्लुटेन बंद केलं आहे त्यांना हा पाव देऊ नका. हुग्गीसाठी (गव्हाच्या खिरीसाठी) कांडून साल काढलेली खपली मिळते, तीसुद्धा मऊ शिजवून, निथळून मूठभर घालता येते. अख्खी ज्वारी घालायची तर रात्रभर भिजवून, कुकरमध्ये दाणा बोटानं चेपेपर्यंत शिजवलेली हवी. कच्चा किंवा नुसता भिजवलेला दाणा पावाच्या पृष्ठभागावर सुकून इतका कडक होतो की दात दुखावतो. नाचणीचं सत्त्व (मोड आणून केलेलं) एका पावाला चहाचा एक चमचा पुरे, जास्त झालं तर मोडातली विकरं स्टार्च तोडतात आणि आतला भाग गोंदासारखा होतो.

९ × ५ इंचांच्या साच्यासाठी हे माप वजनानेच घ्या, वाटीनं पीठ दरवेळी वेगळं भरतं. मैदा २५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम. ज्वारीच्या उकडीला १०० मिली उकळतं पाणी, सगळं पीठ मळायला वेगळं १९० मिली. बिया ८० ग्रॅम: जवस २० (५० मिली पाण्यात), तीळ २०, कारळे १५, सूर्यफूल २५ (हे तिन्ही मिळून ४० मिली गरम पाण्यात). मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, शेंगतेल १५ ग्रॅम. गूळ मळायच्या त्या १९० मिली पाण्यातच विरघळवून गाळून घ्या. सगळं मिळून गोळा ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो.

मैदा, कणीक, गार उकड आणि गुळाचं पाणी एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात कोंडा भिजतो आणि मळणं सोपं होतं. मग यीस्ट, मीठ घालून ८-१० मिनिटं मळा, शेवटी तेल. बिया अगदी अखेरीस, गोळा पसरून त्यावर पसरायच्या आणि घड्या घालत मिसळायच्या. आधी घातल्या तर त्यांच्या कडा धागे तोडतात. बियांच्या भांड्यात पाणी उरलंच तर ते गोळ्यात ओतू नका, बिया निथळून घ्या. गोळा हाताला किंचित चिकटणारा हवा. कोरडं पीठ भुरभुरून तो चपातीच्या कणकेसारखा करायचा मोह आवरा, ओल्या हातानं काम करा.

झाकून ठेवल्यावर गोळा पावणेदोन पट झाला की पुरे, दुप्पटीची वाट बघू नका. बियांनी जड झालेली कणीक तेवढा ताण पेलत नाही. मग हवा हलकी दाबून घट्ट गुंडाळी करा, शिवण खाली ठेवून साच्यात घाला. दुसऱ्यांदा फुगून साच्याच्या कडेपेक्षा बोटभर खाली आला की बोट टेकवून बघा. खळगा हळूहळू, अर्धवट भरून आला तर ओव्हनमध्ये घाला. झटकन भरला तर अजून वेळ आहे. अजिबात भरला नाही तर उशीर झाला आणि पाव वरून बसणार.

खानापूर आणि अथणीचा फरक इथे येतो. मळून झाल्यावर गोळ्याचं तापमान २६ अंशांच्या आसपास हवं. हातानं मळत असाल तर हिशोब सोपा आहे: ७८ मधून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करा, उरलेलं पाण्याचं तापमान. जुलैत खानापूरला खोली २३, पीठ २३, म्हणजे पाणी ३२ अंश, हाताला जेमतेम कोमट. एप्रिलमध्ये अथणीला खोली ३५, पीठ ३४, म्हणजे पाणी ९ अंश, फ्रीजमधलं. तिथे यीस्टही ३ ग्रॅमवर आणा आणि भांड्यावर ओला फडका घाला, कोरड्या हवेत वर साल धरते आणि पाव बाजूनं फाटतो. पावसाळ्यात उलट: पिठानं हवेतली ओल घेतलेली असते, म्हणून १९० पैकी २० मिली पाणी मागे ठेवा आणि लागलं तरच घाला. पहिली फुगवण अथणीला पाऊण तासात आटपेल, खानापूरला दोन तासही लागतील. घड्याळाकडे नाही, भांड्यावर केलेल्या खुणेकडे बघा.

वरच्या बिया चिकटवायला तेल किंवा तूप लावू नका, ती भाजताना सुटतात. कडक भाकरीवर तीळ लावताना आपण पाण्याचा हात फिरवतो, तसंच करा: गुंडाळी ओल्या फडक्यावर लोळवा, मग बियांच्या ताटात हलक्या हातानं दाबून फिरवा आणि मग साच्यात ठेवा. फुगल्यावर वरून भुरभुरलेल्या बिया गळणारच. वर लावायच्या बिया न भाजलेल्या, न भिजवलेल्या घ्या.

ओटीजी २२० अंशांवर १५ मिनिटं तापवा. लहान ओटीजीत वरची कॉइल पावाच्या डोक्याला लागून असते, म्हणून सर्वांत खालची जाळी वापरा. पहिली १० मिनिटं २२०, मग १९० वर ३० ते ३५ मिनिटं. वर रंग आला की फॉइल सैल ठेवा. मधेच वीज गेली तर दार उघडू नका. अर्धा वेळ उलटून गेला असेल तर आतल्या उष्णतेवर पाव सावरतो, वीज आल्यावर उरलेला वेळ अधिक पाच-सात मिनिटं द्या.

पाव आतून शिजला का हे रंगावरून कळत नाही, आणि तुमचा चिकटपणा काही अंशी इथलाच आहे. थर्मामीटर असेल तर गाभ्यात ९४-९५ अंश हवेत. परदेशी कृतींत ९८-९९ लिहिलेलं असतं, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथे पाणीच साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. ९९ ची वाट बघाल तर पाव वाळून जाईल. थर्मामीटर नसेल तर वजन करा: ९०० ग्रॅमचा गोळा भाजून ८०० च्या जवळ आला पाहिजे. ८४० असेल तर साच्यातून काढून तसाच जाळीवर आणखी ७-८ मिनिटं भाजा.

भाजल्यावर पाच मिनिटांत साच्यातून बाहेर काढा, नाहीतर तळ घामेजतो. आणि दोन तास तरी सुरी लावू नका. उकड घातलेल्या पावात स्टार्च गार होतानाच घट्ट होतो. गरम कापला तर उत्तम भाजलेला पावही सुरीला चिकटतो आणि कच्चा वाटतो.

यीस्टऐवजी खाण्याचा सोडा घालून झटपट पाव करणार असाल तर सूर्यफुलाच्या बिया टाळा किंवा ताक घाला. सोड्याच्या क्षारामुळे या बियांभोवती हिरवट डाग पडतात. ती बुरशी नाही, खायला हरकत नाही, पण घरचे लोक फेकून देतात.

साठवणीत पावसाळ्यात जपा. खानापूरच्या जुलैत हा पाव बाहेर दोन दिवसांच्या वर ठेवू नका. काप करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि थेट तव्यावर गरम करा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तो लवकर शिळा, कोरडा होतो. कोंड्याच्या पावात आणखी एक दोष येतो: दुसऱ्या दिवशी पिकून सडलेल्या फळासारखा वास आणि कापल्यावर आत चिकट तार. हे मातीतल्या एका जिवाणूचं काम आहे. त्याचे बीजाणू धान्याच्या सालीवर असतात, भाजूनही मरत नाहीत आणि दमट उकाड्यात वाढतात. असा पाव खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. साचा, फळी आणि सुरी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून उन्हात वाळवा, आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत या मापात चहाचा एक चमचा व्हिनेगर पिठाच्या पाण्यात घालत जा. आंबटपणामुळे त्या जिवाणूची वाढ मंदावते आणि चवीत काही कळत नाही.