बोअरची मोटर चालू केली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, आता स्लो पण झालाय. दुकानवाला म्हणतो रॅम वाढवा. घरातल्या वायरिंगमुळे असं होऊ शकतं का?

होतं. अन् रॅमचा मोटरशी काडीचा संबंध नाही. मोटर उचलते त्याच क्षणाला रिस्टार्ट होत असेल तर आधी वायरिंग बघा, दुकानवाल्याला पैसे नंतर द्या.

हे मी इतकं ठामपणे सांगतोय कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात एक अख्खा उन्हाळा भांडणात गेलाय. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, मी घरीच वरच्या खोलीत डीटीपीचं काम करायचो, लग्नपत्रिका, बॅनर असलं. लगीनसराई ऐन एप्रिल-मेची, पारा 44-45, खाली कूलर चालू, त्यात आईने पाण्याची मोटर लावली की माझा कॉम्प्युटर खाडकन रिस्टार्ट. कोरलड्रॉमधली पत्रिका अर्धी झालेली असायची ती गेली, एकदा तर सेव्ह केलेली फाईलच उघडेना, अन् पाव्हणे खाली ओट्यावर प्रूफ बघायला येऊन बसलेले. ती पत्रिका त्यांनी शेवटी धुळ्याहून छापून आणली अन् नंतर त्या भाऊबंदकीतलं एकही काम माझ्याकडे आलं नाही.

आमच्या घराची वायरिंग आबांनी केलेली, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाने. त्यांचं म्हणणं एकच, "तुनं डबडंच खराब शे, वायरिंगले काय धाड भरनी?" वरून गावात सगळ्यांचंच व्होल्टेज पडतं हे होतंच. वडील आबांच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून जळगावहून दुसरा सेकंडहँड कॉम्प्युटर आणला, पैसे माझे. तोही मोटर लागली की रिस्टार्ट.

मग मी मल्टीमीटर आणला. वर कॉम्प्युटरच्या बोर्डात मोजलं तर मोटर बंद असताना 218, मोटर उचलते त्या क्षणी 171. तेच खाली मीटरपाशी मोजायला लावलं तर मोटर उचलताना तिथे 209. हा फरक नीट समजून घ्या, तुमचं उत्तर यातच आहे. लाईनच कमी असती तर मीटरपाशी पण तितकंच पडलं असतं. मीटर ते वरची खोली यात जवळपास 40 व्होल्ट घरातल्या घरात खाल्ले जात होते. मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, वायर बारीक असली किंवा जॉइंट ढिला असला की तेवढ्या वेळात व्होल्टेज तिथेच मरतं. माझ्या एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या लेबलवर 200-240 छापलेलं, तो 171 वर काय तग धरणार.

अमळनेरचा वायरमन आणून जिन्याखालचा बोर्ड खोलला. मोटर, कूलर अन् वरची खोली तिघांचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, एकाच जॉइंटवर, तोही मीटरकडून आलेली ॲल्युमिनियमची वायर अन् घरातली तांब्याची नुसती पिळून वर टेप मारलेली. टेप जळून कडक झालेली, सोलली तर भुगाच पडला, आत पांढरट पावडर जमलेली अन् तांबं काळंठिक्कर. ॲल्युमिनियम-तांबं असं थेट पिळलं की जॉइंट हळूहळू गंजतो, तापतो, आणखी ढिला होतो. कॉम्प्युटर जाऊ द्या, घराला आग लागली असती. वर जाणारी वायर एक एमएमची, तिच्यावरच कूलरचा पण प्लग.

जॉइंट काढला, मोटरला स्वतंत्र अडीच एमएम अन् वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), वरच्या खोलीला वेगळी लाईन. त्याच दिवसापासून रिस्टार्ट बंद. आबा आजही चारचौघात सांगतात की यूपीएस घेतला म्हणून थांबलं. यूपीएस मी दिवाळीत घेतला, अख्खा पावसाळा त्याच्याशिवाय काम केलंय. म्हणून सांगतो, घरचं माणूस फुकटात करून देतंय म्हणून वायरिंग त्याच्याकडून करून घेऊच नका, नंतर चूक काढता येत नाही, काढली तर अपमान होतो.

आता स्लोचं. कमी व्होल्टेजने प्रोसेसर हळू चालत नाही. एसएमपीएस आत 12, 5 अन् 3.3 व्होल्ट देतो, ते जमलं तर कॉम्प्युटर पूर्ण वेगाने चालतो, नाही जमलं तर बंद पडतो. पण असं वारंवार खाडकन बंद पडून विंडोजच्या फाईली बिघडतात, जुनी हार्डडिस्क असेल तर बॅड सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, पडतात अन् तोच तोच भाग परत परत वाचत बसल्याने सगळं हँग झाल्यासारखं वाटतं. डिस्क चेक करून घ्या. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात स्लॅबखालच्या खोलीत प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, तिथे वायरिंगचा दोष नाही, आतली धूळ काढा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. आमच्याकडे अर्थिंग नळाच्या लोखंडी पाईपला बांधलेली अन् पुढे पाईप प्लास्टिकचा झाला, म्हणजे अर्थिंग नावालाच. न्यूट्रल ते अर्थ मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर नको. काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहायचं. अन् प्लगची जाडी पिन तोडून टू-पिनमध्ये घालणारे आमच्या घरातही आहेत, त्यांना हात जोडून थांबवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे छोटं बटण असतं, ते यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडवर लाईट जाताना कॉम्प्युटर टिकत नाही.

बोर्ड मात्र स्वतः खोलू नका. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणारी वायर जिवंतच असते. लायसनवाला वायरमन बोलवा अन् मोटर उचलताना दोन्ही जागचं व्होल्टेज त्याच्याकडून समोर मोजून घ्या. मीटरपाशीच पडत असेल तर घरातलं काही बदलू नका, वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या. लॅपटॉप असेल तर यातलं बरंचसं लागू नाही, बॅटरी सांभाळून घेते. अन् मोटर बंद असतानाही दिवसभर स्लोच असेल, डिस्कही ठीक निघाली, तर रॅमचं बघा.