पीएच.डी. नेमकी कोणाला करायची आहे?

प्रश्न : मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. हार्मोन्सचा हृदयावर होणारा परिणाम या विषयात तिला संशोधन करायचे आहे. पण एमबीबीएस नसताना हृदयावर काम कोण करू देणार? मी स्वतः एमबीए असून चाकणच्या कारखान्यात वीस वर्षे नियोजन विभागात आहे. तिनेही एमबीए करून ‘व्यवसाय-धोरणांची अंमलबजावणी’ यात पीएच.डी. करावी, असे आम्ही ठरवले आहे. प्रश्नावल्या भरून घेण्याचे मी बघेन.
— एक पालक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याने मला सर्वाधिक अस्वस्थ केले. विषय वडिलांचा, माहिती वडिलांनी जमवलेली आणि मुखपृष्ठावर नाव तेवढे मुलीचे, याला संशोधन म्हणता येत नाही. वरून आलेले धोरण शॉप फ्लोअरवर का अडते, खरेदी आणि उत्पादन विभाग एकमेकांकडे बोट का दाखवतात, हे आपण रोज पाहता. तिने ते पाहिलेले नाही आणि मौखिक परीक्षेत नेमके तेच विचारले जाईल. मुलीचे स्वतःचे म्हणणे मात्र साऱ्या पत्रात एका ओळीत आटोपले आहे.

एमबीबीएसची अट हा निव्वळ गैरसमज आहे. रुग्णावर उपचार करायला वैद्यकीय पदवी लागते. पेशी, प्रथिने आणि उंदरांवरील प्रयोगांना लागत नाही. हृदयाच्या कर्णिकांचा (वरच्या कप्प्यांचा) अर्क टोचताच उंदरांच्या लघवीतून सोडियम आणि पाणी झपाट्याने बाहेर पडते, हे १९८१ मध्ये दाखवणारे आदोल्फो दे बोल्ड जीवरसायनशास्त्रातूनच आले होते. हृदय स्वतःही हार्मोन तयार करते, हे त्यातून उलगडले. प्रश्न संपलेले नाहीत. रजोनिवृत्तीनंतर दिलेली हार्मोन्स हृदयाचे रक्षण करतात, या समजुतीला १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीने धक्का दिला. स्तनाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका आणि हृदयविकारही वाढत असल्याचे सुचवणारे आकडे पाहून ती २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

तिने सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीच्या, परीक्षा द्याव्यात. २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, तेव्हा खर्चाची सबबही फारशी उरत नाही.

राहिला धोरणांचा विषय. तो उत्तम आहे आणि तो आपण घ्यावा. एमबीएला ५५ टक्के गुण असतील, तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कंपनीचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अंशकालीन पीएच.डी. करता येते. मुलीच्या एमबीएचे शुल्क अद्याप भरले नसेल, तर भरू नका. आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या.