व्हॅनने बॅन्फ ते जॅस्पर: आठवडा पुरेल का आणि रात्री गाडी कुठे लावायची?

जुलैमध्ये कॅनडात कॅल्गरीला उतरायचं, व्हॅन भाड्याने घ्यायची, आई-वडिलांना घेऊन आठवडाभरात बॅन्फ, योहो आणि जॅस्पर बघून परत यायचं, आणि रात्री वाटेत जिथे छान वाटेल तिथे गाडी लावून झोपायचं, असा तुमचा बेत आहे. आठवडा पुरेल. वाटेत कुठेही झोपायचं मात्र डोक्यातून काढून टाका. या राष्ट्रीय उद्यानांत पार्किंगमध्ये, व्ह्यूपॉइंटवर किंवा रस्त्याकडेला गाडीत रात्र काढायला परवानगी नाही. रात्री गस्त असते, उठवून बाहेर काढतात, दंडही होतो. झोपायचं ते कॅम्पग्राउंडवर, पैसे भरून.

मी इथल्याच अल्बर्टा प्रांतात राहतो आणि उन्हाळा आला की या रस्त्याला लागतो. माझं सांगणं एकच आहे: लेक लुईस ते जॅस्पर या साधारण २३० किलोमीटरच्या आइसफील्ड्स पार्कवेला तुमच्या सातातल्या निदान तीन रात्री द्या. बहुतेक जण हा रस्ता सकाळी सुरू करून संध्याकाळी संपवतात. मग धबधबे आणि तळी काचेतून निघून जातात आणि आठवणीत राहतं ते पार्किंग शोधणं. व्हॅन घेताय ना, मग तिचा खरा उपयोग इथेच आहे. दुपारची बसगाड्यांची गर्दी ओसरल्यावर तुम्ही अजून तिथेच असता, आणि जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो.

बॅन्फ गावात एक रात्र पुरे. मोरेन लेकला स्वतःची गाडी नेता येत नाही, २०२३ पासून तो रस्ता खासगी वाहनांना बंद आहे. लेक लुईसच्या पार्क अँड राइडवरून, म्हणजे गाडी लावून पुढे बसने जायच्या तळावरून, शटल सुटते, तिची तिकिटं आधी काढून ठेवा. लेक लुईसच्या काठावरचं पार्किंग उन्हाळ्यात भल्या पहाटे भरतं, त्यामुळे दोन्ही तळी शटलनेच करा. योहोत टकाकॉ धबधबा आहे, ३७३ मीटरचा. पण तिथे जाणाऱ्या रस्त्यावर एक वळण इतकं अरुंद आहे की लांब गाड्यांना तिथून मागे-पुढे करत जावं लागतं. तुमची व्हॅन मोठी असेल तर निघण्यापूर्वी तिच्या लांबीला परवानगी आहे का ते तपासा.

आता पार्कवे. निघताना लेक लुईसलाच टाकी फुल करा. मध्ये सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंग सोडलं तर पेट्रोल नाही, आणि मोबाइलला बहुतेक रस्ताभर रेंज नाही. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. रस्ता चांगला आहे, वेगमर्यादा ९० आहे, पण भरलेली व्हॅन जड असते. सनवाप्टा खिंडीकडून दक्षिणेला उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, खालचा गिअर टाका. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला घ्या आणि जाऊ द्या.

पहिल्या टप्प्यात बो लेकजवळ क्रोफूट हिमनदी दिसेल. कावळ्याच्या पायाला असावीत तशी तिला पूर्वी तीन बोटं होती, म्हणून हे नाव. खालचं बोट केव्हाच तुटून गेलं, आता दोनच आहेत. पुढे पेटो लेक. त्याचा निळा रंग फोटोत वाढवलेला नाही. हिमनदी खडकाला घासत सरकते, त्यातून पिठासारखी बारीक भुकटी तयार होते, ती पाण्यात तरंगत राहते आणि उजेडातला निळा-हिरवा भाग विखुरते. म्हणून बर्फ जोरात वितळू लागल्यावर, म्हणजे जुलैपासून, हा रंग भरात येतो. तुमचा महिना अगदी योग्य आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्या अथाबास्का हिमनदीला. पार्किंगपासून तिच्या टोकाकडे पायवाट जाते आणि वाटेत सालांच्या पाट्या आहेत: त्या त्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता ते दाखवणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात तो आजच्या हायवेच्या जवळपास होता. गेल्या सव्वाशे वर्षांत हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. मला पाट्यांपेक्षाही वाटेतला उघडा चुनखडक जास्त बोलका वाटतो. त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे आहेत, बर्फात अडकलेल्या दगडांनी काढलेले. वाकून बोट फिरवलं तर खाच लागते. तुमच्या वडिलांना तो खडक नक्की दाखवा. चढ थोडा आहे, बसत बसत जमेल. हिमनदीवरून येणारा वारा मात्र भर जुलैतही बोचरा असतो, त्यांना कानटोपी द्या.

दोरी लावलेली आहे तिच्या पलीकडे एकही पाऊल टाकू नका. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात, त्यात पडून माणसं गारठून मेलेली आहेत. बर्फावर जायचंच असेल तर मार्गदर्शकाबरोबर जा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मोठ्या चाकांच्या खास बस हिमनदीवर नेतात.

जवळच विल्कॉक्स कॅम्पग्राउंड आहे. वीज नाही, साधे संडास, पण मी तिथलीच रात्र निवडेन. उंची दोन हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे जुलैतही पहाटे पारा शून्याजवळ उतरू शकतो. जाड पांघरुणं लागतील. व्हॅन गरम करायला स्वयंपाकाची शेगडी कधीही पेटवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय का ते गाडी ताब्यात घेतानाच बघा. सकाळी विल्कॉक्स पासची वाट थोडी चढून गेलात तर समोर अख्खी हिमनदी दिसते. इथेच सनवाप्टा खिंड आहे. तिच्या एका अंगाचं पाणी हडसन उपसागराला जातं, दुसऱ्या अंगाचं उत्तरेला आर्क्टिक महासागराला.

जेवण झालं की भांडी, कूलर, कचऱ्याची पिशवी, टूथपेस्टसुद्धा गाडीत आणि दार बंद. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की बहुतेक वेळा त्याला मारावं लागतं, म्हणून हा नियम कडक आहे. अस्वल दिसलं तर १०० मीटर, एल्क (मोठं हरीण) दिसलं तर ३० मीटर अंतर. फोटो गाडीतूनच, आणि रस्त्यात गाडी उभी न करता.

जॅस्परला जायला कचरू नका. जुलै २०२४ च्या वणव्यात गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या, आजूबाजूला काळे बुंधे दिसतील. पण गाव सुरू आहे आणि त्याला पाहुण्यांची गरज आहे. पार्कवेवर गावाच्या आधी अथाबास्का धबधबा लागतो. उंची २३ मीटरच, पण पाण्याचा जोर बघून आई-वडील तिथून लवकर हलणार नाहीत.

व्हॅनचे पैसे भरण्यापूर्वी पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे ही उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर कॅम्पसाइट मिळतात का ते बघा. जुलैच्या जागा हिवाळ्यातच संपू लागतात. रद्द झालेल्या जागा मात्र अधूनमधून परत दिसतात, रोज बघत राहिलात तर हाती लागतात. व्हॅनवाल्याला किलोमीटरची मर्यादा विचारा. कॅल्गरी-जॅस्पर जाऊन-येऊन सव्वाआठशेच्या आसपास होतात, आडवाटा धरून हजार धरा. तारखा ठरल्या की इथेच लिहा, कुठल्या रात्री कुठे राहायचं ते जुळवून देतो.