मेरूची वाट आणि लपवलेली डोकेदुखी

टांझानियातल्या माउंट मेरूबद्दल गेल्या काही महिन्यांत इतके प्रश्न आले की एकेकाला वेगळं उत्तर देणं सोडून दिलं. किलिमांजारोला निघालेले आपले ट्रेकर आधी ‘सरावाला’ म्हणून आरुशा नॅशनल पार्कमधल्या या ज्वालामुखीवर जातात. उंची सुमारे ४,५६० मीटर. मला त्या ‘सराव’ या शब्दाचीच धास्ती वाटते. कारण पुढे येईलच.

मेरू जिवंत ज्वालामुखी आहे म्हणतात. आम्ही वर असताना फुटला तर? (ठाणे)

शेवटचा छोटा उद्रेक १९१० सालचा. तुमच्या गुडघ्यांची काळजी करा.

मुलांना मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा जावं का? (सांगली)

नको. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो. जून ते ऑक्टोबर किंवा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी बघा. आणि मुलांचं म्हणाल तर, सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘मळमळतंय’ आणि ‘घरी जायचंय’ यातला फरक सांगता येत नाही. त्याला वर नेण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. मला विचाराल तर मोमेला तळ्यांवरचे फ्लेमिंगो आणि खालचे जिराफ त्याला पुरे.

आम्ही दहा वर्षं सह्याद्री तुडवतोय. तरी बंदूकधारी रेंजरचा खर्च आमच्या माथी का? (पुणे)

कारण वाट रानरेड्यांच्या घरातून जाते. मोमेला गेटहून निघालात की पहिल्याच तासात मोकळ्या गवतात केप बफेलोचे कळप दिसतात, पुढे जंगलात हत्तींची लीद. झाडांवरच्या काळ्यापांढऱ्या कोलोबस माकडांचे फोटो काढताना सगळे माना वर करून चालतात, आणि नेमका तेव्हाच झुडपात एकटा म्हातारा रेडा उभा असतो. कळपापेक्षा असा एकटाच जास्त धोक्याचा. रेंजर ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, एका रांगेत चालायचं, लघवीला जायचं तरी त्याला सांगून. रेंजर सक्तीचा आहे, त्यात घासाघीस नाही. कोणी ‘दुसऱ्या बाजूने स्वस्तात नेतो’ म्हणाला तर त्या माणसाला टाळा. मोमेलाखेरीज दुसऱ्या वाटेला परवानगी नाही.

दहा वर्षांच्या सह्याद्रीबद्दल एकच सांगतो. मेरूची वाट जिथे सुरू होते, साधारण त्याच उंचीवर आपलं कळसूबाई संपतं.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) सुरू केली, ऑक्सिमीटर घेतला, ग्रुपमधल्या एकाने कोका ३० हे होमिओपॅथीचं औषध आणि कापूर आणलाय. एजन्सीने चार दिवसांचं ‘अॅक्लमटायझेशन पॅकेज’, म्हणजे शरीराला उंचीची सवय करून देणारं, दिलंय. एवढं पुरे ना? थोडं डोकं दुखलं तरी शिखर सोडायचं नाही असं ठरलंय. (नाशिक)

या एका पत्रात माझ्या सगळ्या चिंता एकत्र आल्यात, त्यामुळे जरा बसून वाचा.

कापूर हुंगून नाक मोकळं होतं, रक्तात ऑक्सिजन वाढत नाही. कोका ३० च्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांबद्दल मला दरवर्षी लडाखच्या मोसमात विचारतात. उत्तर तेच: त्यांच्या भरवशावर चढू नका. ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, विकणाऱ्याचा फायदा मात्र टिकतो.

डायमॉक्स खरं औषध आहे. मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकून ती श्वास वाढवते, म्हणजे शरीर जे दोन-तीन दिवसांत स्वतः करणार असतं ते लवकर करवते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. पण सल्फाची अॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, इतर औषधं चालू असतील तर ती परस्पर घेणं धोक्याचं. मित्राच्या पाकिटातली गोळी हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. मात्रा डॉक्टरांकडून घ्या आणि जमलं तर घरीच दोन दिवस घेऊन बघा.

आता ते ‘पॅकेज’. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा उंचीच्या आजारांच्या आमच्या शास्त्रातला ढोबळ नियम. मेरूवर पहिली रात्र मिरियाकांबा हटला, २,५१४ मीटरवर. दुसरी सॅडल हटला, ३,५७० वर. एका दिवसात हजार मीटरची उडी, आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं, जिथे हवेत ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. एजन्सीला विचारा, चौथ्या दिवसाची जादा रात्र नेमकी कुठे आहे? बहुतेक वेळा ती *उतरताना* मिरियाकांबाला असते. गुडघ्यांना बरी, पण चढताना तिचा काडीचा उपयोग नाही! जादा रात्र हवी ती चढताना, मिरियाकांबालाच, आणि ती बुकिंगच्या वेळीच मागून घ्यावी लागते. सॅडलला पोहोचल्यावर दुपारी लिटल मेरूवर, ३,८२० मीटरपर्यंत, सावकाश जाऊन परत आलात तर चांगलंच. पण ती रात्रीची भरपाई नव्हे.

आणि ‘थोडं डोकं दुखलं तरी’. उंचीवर डोकं दुखतंय, सोबत मळमळ, गळाठा किंवा चक्कर आहे, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्के दिसला म्हणून तो नाहीसा होत नाही. तोल जाऊ लागला, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येईना, बोलणं भरकटलं तर मेंदूला सूज आहे. बसल्याजागी धाप लागली, खोकला थांबेना तर फुप्फुसांत पाणी. या दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली. इंजेक्शन, गोळ्या, ऑक्सिजन हे सगळं खाली नेता नेता.

इथे मेरू किलिमांजारोपेक्षा अडचणीचा आहे आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. एक, सॅडलहून राइनो पॉइंटला चढलं की वाट थोडी उतरते आणि मग विवराच्या धारेवरून खालीवर होत सोशॅलिस्ट पीककडे, म्हणजे मेरूच्या शिखराकडे, जाते. म्हणजे धारेवर कोणी आजारी पडलं तर ‘खाली जाण्यासाठी’ त्याला आधी परत चढावं लागतं, अंधारात, एका बाजूला विवराचा कडा. दोन, सॅडलच्या खाली जंगल आहे आणि जंगलात रेडे आहेत. एकट्याने टॉर्च घेऊन उतरता येत नाही. रेंजर हवा, आणि तो तर बाकीच्यांबरोबर वर गेलेला. पहाटे तीनला सांगितलेली डोकेदुखी आणि आदल्या संध्याकाळी सांगितलेली डोकेदुखी यांत इथे जमीनअस्मानाचा फरक पडतो.

माझ्याच एका ट्रेकमधला गृहस्थ संध्याकाळी जेवला नाही. ‘पित्त’ म्हणाला. आपल्याकडे सगळ्यालाच पित्त म्हणतात. मीही घाईत होतो, मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. रात्री धारेवर तो दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा त्याला धरलं तेव्हा त्याला दिवस कोणता ते सांगता येईना. तो वाचला, कारण पाठीवर घेणारे दोघे पोर्टर धडधाकट होते आणि वारा पडलेला होता. त्यात माझी कर्तबगारी शून्य.

म्हणून सॅडलला जेवणाआधी प्रत्येकाने डोकं, पोट, झोप यांबद्दल खरं सांगायचं, आणि कोण खाली थांबलं तर त्याच्यासोबत कोण थांबणार हे रेंजर आणि गाइडशी तेव्हाच ठरवायचं. ‘शिखर सोडायचं नाही’ हा ठराव रद्द करा. निघण्यापूर्वी महिनाभर आधी, आदल्या आठवड्यात नव्हे, उंचीच्या आजाराची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटा.

वडील ६१, रक्तदाब आणि मधुमेह, रोज पाच किलोमीटर चालतात. जमेल? (कोल्हापूर)

पाच किलोमीटर सपाटीवरचे. हृदयरोगतज्ज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर, दोघांचा होकार घ्या. इन्सुलिन गोठू देऊ नका, रात्री अंगाशी ठेवा.

शिखराच्या दिवशी एकादशी येते. उपास चालेल? (पंढरपूर)

नाही. विठोबा समजून घेईल.

चिवडा प्लास्टिकच्या पिशव्यांत नेला तर? (डोंबिवली)

टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, पाहुण्यांनाही. डबा किंवा कापडी पिशवी न्या.

झऱ्याचं पाणी उकळून पिऊ का? (नागपूर)

उकळल्याने जंतू मरतात. मेरूभोवतीच्या पाण्यात ज्वालामुखीच्या खडकामुळे फ्लोराइड जास्त असतं, ते उकळून जात नाही. तिथल्या गावांतल्या लोकांचे दात त्याने डागाळतात. तुमच्या चार दिवसांत काही होणार नाही.

पिवळ्या तापाची लस खरंच लागते? आमचा एजंट लस न टोचता दाखला देतो म्हणे. (मुंबई)

त्या एजंटला रामराम ठोका. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर परतताना भारतात दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावू नका. साठीच्या पुढे, अंड्याची तीव्र अॅलर्जी असल्यास किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असल्यास केंद्रातल्या डॉक्टरांना आधी सांगा. मार्ग आणि नियम दोन्ही बदलतात, तिकीट काढताना पुन्हा तपासा.

मलेरिया आपल्याकडेही आहेच. मग तिकडे गोळ्या कशाला? (रत्नागिरी)

तिकडचा बहुतेक फाल्सिपॅरम, म्हणजे जीव घेणारा. डोंगरावर डास नसतात, पण ट्रेकनंतर तुम्ही सफारीला आणि झांझिबारला जाणार, तिथे असतात. कोणती गोळी ते डॉक्टर ठरवतील. परतल्यावर पुढचे तीन महिने कधीही ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटमॉलवर दोन दिवस काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी दारातच सांगा, मी टांझानियातून आलोय.