सिरपसाठी साठ-सत्तर मेपल झाडांचा रस गोळा करणाऱ्या नळ्यांना छोटा डायफ्रॅम पंप (लवचिक पडद्याच्या हालचालीने ओढणारा पंप) पुरेल का?

होय, पुरेल, मात्र नळ्यांचे सांधे हवाबंद असले तरच. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट किंवा कॅनडातील क्वेबेकमधील लहान बागांसाठी १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप मला खरोखर योग्य वाटतो, कारण तो रस आणि हवा दोन्ही एकत्र ओढतो आणि त्यामुळे रस वेगळा काढणाऱ्या महागड्या यंत्राची गरज उरत नाही. व्हर्मॉन्ट विद्यापीठाच्या प्रॉक्टर संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार नळीतील निर्वात ओढ (व्हॅक्यूम), जी पाऱ्याच्या इंचांत मोजतात, एका इंचाने वाढली की रस साधारण ५ ते ७ टक्के अधिक मिळतो, म्हणून प्रत्येक गळतीची किंमत मोजावी लागते.

या पंपाची हवा ओढण्याची क्षमता अगदी तुटपुंजी असते. खारीने कुरतडलेले एखादे बारीक छिद्रही दाबमापकाचा काटा खाली आणते. पारदर्शक नळीत बुडबुडे सतत आणि वेगाने धावताना दिसले, तर त्यांच्या उगमाच्या दिशेने झाडागणिक चालत जावे. गळती तिथेच सापडते.

रस कमी येत असताना पंप कोरडा पडून त्याच्या झडपा नीट बसत नाहीत. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या रसातील थोडा भाग बारीक नळीने पुन्हा पंपाच्या तोंडाशी आणावा. तोंडाशी जाळीही हवीच, कारण लाकडाच्या भुशाचा एक कण झडपेत अडकला तरी ओढ संपते. रात्री पारा गोठणबिंदूखाली जाण्यापूर्वी पंप पूर्ण रिकामा करावा, अन्यथा आत गोठलेला रस त्याचे प्लास्टिकचे डोके फोडतो.