वुडलाऊसची पाठ नका बघू, मिशी बघा

भिंतीपाशी, कुंडीखाली सापडणारे करडे वुडलाऊस, म्हणजे ओल्या जागी राहणारे, कवचासारख्या पाठीचे बारके प्राणी, रंगावरून आणि पाठीच्या खरखरीतपणावरून ओळखता येतात का, असं तुम्ही विचारलंय. नाही येत.

यावरून माझं आमच्या पाहणीतल्या एका ज्येष्ठांशी कडाक्याचं वाजलंय. भिंतीलगतची ओली फळी उलटली, खाली एक बारका, पाठीवर दाणे असलेला. त्यांनी वरूनच बघितलं आणि वहीत 'पोर्सेलिओ स्केबर' (वुडलाऊसची एक खरखरीत पाठीची जात) लिहून मोकळे. "खरखरीत आहे ना? मग झालं!" मी तो बाटलीत घेऊन दहापट भिंग लावलं. मिशीची, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकेची, जाड कांडी संपली की पुढे जो बारीक शेंडा असतो, त्याला स्केबरमध्ये दोनच पेरं असतात. याला तीन होती, अगदी स्वच्छ. म्हणजे ऑनिस्कस असेलस, ही वुडलाऊसची दुसरीच जात, आणि तेही पिल्लू. ऑनिस्कस मोठेपणी चकचकीत होतो, कडेला फिकट ठिपके येतात, पण लहानपणी त्याचीही पाठ खडबडीतच असते. भिंग पुढे केलं तर साहेब बघायलाच तयार नाहीत. "इतकी वर्षं हेच करतोय मी." नोंद चुकीचीच पुढे गेली, आणि ती मला आजही खुपते.

तीन पेरं दिसली की आणखी एक बघायचं: पाठीची कड शेपटीपर्यंत सलग असेल तर ऑनिस्कस, मध्येच पायरी पडल्यासारखी अरुंद होत असेल तर फिलोशिया. दोन पेरं असतील तर हलकेच उलटा करा. स्केबरच्या पोटाखाली, शेपटीकडे पांढरे डाग दिसतात, त्यांतून तो हवा घेतो. ऑनिस्कसला ते नसतात. अंगावर निळसर भुकटी आणि पळायला चपळ, तर पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस. घट्ट गोळी होणारा बहुधा आर्माडिलिडियम, पण काही मिलिपीडही (पुष्कळ पायांचे वाणी किडे) गोळी होतात, तेव्हा पाय मोजा. वाढलेल्या वुडलाऊसला 7 जोड्या, मिलिपीडला कितीतरी जास्त.

हो, मिशी कधीकधी तुटलेली असते, तेव्हा दोन्ही बाजू तपासा. अगदी बारक्या पिल्लांची तर जात लिहूच नका, त्यांना जन्मतः पायांच्याही 6 च जोड्या असतात.

आणि वरून काढलेला फोटो बघून कोणी ठामपणे नाव सांगितलं, तर त्याच्याकडे मिशीचा फोटो मागा. नाही दिला तर नाव लिहू नका, मग सांगणारा कितीही ज्येष्ठ असो.